भोंग्याचा खर्ज

रेइनो नऊ वर्षांचा होता.
डुलुथच्या धक्क्यावर बाबा आम्हाला जहाजं दाखवायला न्यायचे.
कच्च्या लोखंडानं पोट भरलेलं एखादं जहाज आलं
की पूल वर जायचा, भोंगा वाजायचा,
एक लांब, दोन आखूड,
आणि सगळे वेड्यासारखे हात हलवायचे.
हा हात खिशात घालून गुणगुणत उभा,
भोंग्याच्या खर्जापासून जरासा सरकून.
"वाकडं वाटतंय," मी म्हटलं.
"हो ना!" म्हणाला. इतका खूश
की नाकातलं पाणीही पुसलं नाही.

गिटार आली चर्चच्या जुन्या बाजारातून, अकरा डॉलरला,
पोटात चीर, एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या वाद्याची.
शिकवायला वेन्डेल सॅटरफील्ड.
तीस वर्षं तळ्यातल्या जहाजांवर आचारी,
बंदराला लागलं की रात्री क्लबात वाजवणारा.
त्यांनी पाच तारा काढून ठेवल्या डब्यात.
"बर्फ वितळेपर्यंत ही एकच."
नोव्हेंबर ते एप्रिल, भिंतीपलीकडे मी,
गणिताच्या वहीवर डोकं टेकून.
त्या एका तारेचा मला किती राग यायचा!
नंतर एका रात्री ती थांबली
आणि मला झोप येईना.

सोळाव्या वर्षी बोटांना पंख फुटले.
मिनिआपोलिसची स्पर्धा. गाडी मीच चालवली.
गारा पडाव्यात तसा वाजवला हा,
लोक उभे राहिले, हातात चषक, गाल लालबुंद.
परतताना पेट्रोल पंपावर
वेन्डेल डोनटची साखर झटकत म्हणाले,
"मागे बास कोण वाजवत होतं?"
रेइनो गप्प.
"मुलगा की मुलगी, एवढं तरी?"
घर येईपर्यंत चषक
माझ्या सीटखाली गडगडत राहिला.

ती पा कू व्हँग होती. दोन वर्षांनी
त्यानं तिला शोधून काढलं, माफी मागितली.
तिला त्याचा चेहरा आठवेना.
"तू इतका भरभर वाजवत होतास," ती म्हणाली,
"मी घरच्या भाजीचा विचार करत होते."
तेव्हापासून दोघं एकत्र वाजवतात.

मग क्वीन्समधलं तळघर. मग पोटापाण्यासाठी
आठ महिने पर्यटकांच्या जहाजावर,
तीच चाळीस गाणी, कोळंबी खाणाऱ्यांसमोर.
मनगट सुजलं. फोनवर म्हणाला,
"इथल्या भोंग्याला खर्जच नाही, ताई."
पहिली रेकॉर्ड निघाली, पाचशे प्रती.
तीनशे बारा आमच्या गॅरेजात,
बर्फ उपसायच्या यंत्राशेजारी.
कुणीतरी छापलं, "आश्वासक."
बाबांनी विचारलं, "म्हणजे पैसे कधी?"

यंदा फेब्रुवारीत तो घरी आला.
वेन्डेल आता वृद्धाश्रमात, कान पुरते गेलेले.
रेइनोनं पाटीवर काही लिहायला घेतलं,
त्यांनी पाटी सारली बाजूला,
पुढं झुकून हनुवटी टेकवली गिटारच्या काठावर,
चीर पडलेल्या त्या जुन्याच गिटारच्या.
हा एकाच तारेवर वाजवत राहिला, बराच वेळ.
म्हाताऱ्याची बोटं टेबलावर
कांदा चिरल्यासारखी चालत होती.
नर्स औषधं घेऊन आली, दारातच उभी राहिली.
मला वाटलं, आता काही मोठं बोलतील.
"तार उतरलीय," ते म्हणाले.
खरंच उतरली होती.

काल गुरुवार. मिनिआपोलिसच्या एका लहानशा जागेत
तेवीस माणसं, मला धरून. मी मोजली.
पा कूनं खाली एक लांब सूर धरला,
रेइनो थांबला. ग्लासातला बर्फ ऐकू आला.
मग त्यानं तीन सूर ठेवले, जरासे सरकवून.

"वाकडं वाटतंय," मी पुटपुटले.
शेजारच्या गृहस्थानं रागानं वळून पाहिलं.